सोळा नंबरची वाटी

४ तारीख, सोमवार. भांडी झाल्यावर.

आज पार्सल आलं. आत निघालं ते असं: एक हिरवी पट्टी, तिच्यावर पुष्कळ पायांची काळी चिप, १८०. आठ लाल दिवे, तुरीच्या दाण्याएवढे, २४. दोन बटणं, १०. वायरींची जुडी, ३५. कॉम्प्युटरला जोडायची केबल, ९५. टपालखर्च ४०. एकूण ३८४. शिवाय एक पुस्तिका, फुकट. फुकट काही नसतं, किमतीत धरलेली असणार.

बिल कन्येनेच आत घातलंय. खाली लिहिलंय, हिशेब ठेवतेस म्हणून. पैसे मागितलेले नाहीत, तरी मी पाठवणार. उपकार नकोत.

कारण नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी उलटसुलट सांगायला नको. कन्या वजनकाट्यांच्या कारखान्यात आहे. काट्याच्या पोटात अशी चिप असते, तिने काय करायचं ते ही लिहिते. मागच्या खेपेला जेवताना मी सहज म्हटलं की दोन वायरी जोडायच्या आणि बटणं दाबायची, त्यात डोकं काय लागतं, मॅट्रिक झालेली बाईसुद्धा करील. तिने चमचा खाली ठेवला. म्हणाली, मग करून दाखव. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेली. दोन महिने झाले. पत्र येतं ते वडिलांच्या नावाने. मी वाचत नाही. हे मोठ्याने वाचतात तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत असते, एवढंच.

करायचं काय तेही ठरलं. कन्येला सुबुद्धी व्हावी म्हणून मी दहा हजार नामाचा संकल्प सोडलाय. माळेवर मोजते, पण मध्येच दूधवाला हाक मारतो आणि आकडा निसटतो. तर नाम मोजायचं यंत्र. एक नाव, एक दाब. रविवारपर्यंत तयार होईल. मग तिला एक कार्ड टाकायचं, त्यावर एकच शब्द: झालं. कार्ड आणून ठेवलं.

५ तारीख.

पुस्तिका वाचली. उगाच बाऊ करतात लोक.

चिपमध्ये दोन जागा. एक कोठीची खोली, मोठी. दुसरा ओटा. ओट्यावर बत्तीस वाट्या. त्यांना रजिस्टर म्हणतात, आपली वही नव्हे. बेरीज असो, वजाबाकी असो, हे मोठं की ते मोठं बघणं असो, जे करायचं ते ओट्यावरच्या वाटीत. कोठीतल्या कोठीत काही शिजत नाही. तिथून वाटीत काढा, वाटीत करा, हवं तर परत नेऊन ठेवा. आणि वाटी एका जिनसेला बांधलेली नाही. आज मीठ, उद्या साखर. ज्याने कोणी हे काढलं त्याने आपल्या आईला स्वयंपाक करताना नीट पाहिलेलं असणार.

बत्तीस मात्र फार झाल्या. मी एकीत भागवणार. हे म्हणाले, वाट्या चिपमध्येच आहेत, वापरल्या काय, न वापरल्या काय, पैसे तेच. यांना संसारातलं कधी कळलं नाही. आज आहेत म्हणून काढल्या की उद्या पुरत नाहीत.

निश्चय: एकच वाटी. सगळं काम तिच्यात.

७ तारीख. दुपार.

यांच्या ऑफिसने काढून टाकलेल्या कॉम्प्युटरवर बसले. देवाचं काम म्हणून पहिली वाटी निवडली. कॉम्प्युटरने नाकारलं. तीनदा.

पुस्तिकेत शोधलं. वाट्यांचे नंबर शून्यापासून एकतीसपर्यंत. पैकी शून्य ते पंधरा या वाट्या मानी आहेत. त्यांच्यात बाहेरचा आकडा थेट टाकता येत नाही. सोळाच्या पुढच्या वाटीत टाकायचा आणि तिच्यातून यांच्यात ओतायचा. मग चालतं.

हे समजायला मला एक मिनिट लागलं नाही. सासूबाईंनी लग्न झाल्यापासून माझ्या हातून चहा घेतलेला नाही. यांच्या हातून दिला की घेतात. चहा तोच.

जेवताना मी वाट्यांचं हे उदाहरण नावं न घेता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की त्या वाट्यांना पहिला चहा पाणचट मिळाला असेल.

सोळा नंबरची वाटी घेतली. मानपान सांभाळायला वेळ नाही.

८ तारीख, शुक्रवार.

दिवा लागला. माझ्या हाताने. घरात कोणाला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. हे दाढी करत होते.

आठ दिवे म्हणजे वाणसामानाच्या दुकानातली वजनंच. पहिला एकचा, मग दोनचा, चारचा, आठचा, सोळाचा, असं दुप्पट करत शेवटचा एकशे अठ्ठावीसचा. पेटलेल्यांची बेरीज केली की वाटीत किती ते कळतं. मला बेरीज येते. कन्येला वाटतं हे विज्ञान आहे.

देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. एक. पुन्हा दाबलं. चार.

चार कसे? मी दोनच नावं घेतली होती. तिसऱ्या दाबाला नऊ. यात चूक काही दिसत नाही. मनापासून घेतलेलं नाव जास्त भरत असेल.

९ तारीख.

सासूबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि न विचारता त्यांनी बटण दाबलं. सात चढले. म्हणाल्या, बघ, माझं एक नाव तुझ्या सातांच्या तोडीचं आहे. बारा-पंधरा वेळा दाबून, आजचं झालं म्हणून आडव्या झाल्या.

आता यंत्रात दोष आहे हे माझ्या लक्षात आलं.

यांचं म्हणणं असं की बटणाच्या आतली धातूची पत्री दाबल्यावर थरथरते. आपल्याला एक दाब वाटतो, चिपला सात. एकदा मोजल्यावर तिला क्षणभर थांबायला सांगायला पाहिजे. मी म्हटलं, ते मला दिसलंच होतं.

११ तारीख, सोमवार.

रविवार होऊन गेला. पण रविवार मी कोणाला सांगितला नव्हता, फक्त इथे लिहिला होता.

चिपला थांबवायचं कसं? वाटीत मोठा आकडा भरायचा आणि एकेक काढायला लावायचं. वाटी रिकामी होईपर्यंत ती गुंतून राहते. तेवढ्याने पुरत नाही, म्हणून पुन्हा भरायचं, पुन्हा उपसायला लावायचं. त्या तीन ओळी मी चाळीस वेळा टाइप केल्या. पाठ गेली. पण वाटी तीच, सोळा नंबरची. दुसरीला हात लावला नाही.

निकाल: पहिलं नाव, एकचा दिवा. दुसरं नाव, एकचाच. शंभरावं नाव, एकच.

तासभर नाम घेतलं, यंत्र एकावर बसून. एक विचार मनात आला की देवाला एकच नाव पुरत असेल आणि हे तो मला दाखवत असेल. यांना सांगितला. हे म्हणाले, मोजायची वाटी आणि थांबायची वाटी एकच ठेवलीस का? मी म्हटलं, हो, माझं एकीत भागतं. जेवताना यांनी दोनदा माझ्याकडे बघून भाताकडे बघितलं. मला तसलं बघणं आवडत नाही.

चिप सदोष असण्याची शक्यता आहे. १८० ची काय येणार.

१२ तारीख.

टपाल आलं. यांच्या नावे. मी तांदूळ निवडत होते.

कन्येला कारखाना तीन वर्षांसाठी समुद्रापलीकडे पाठवतोय. तीस तारखेला निघायचं. सत्तावीस-अठ्ठावीसची रजा मिळते. आणि पुढे हे जरा हळू वाचायला लागले. आई बोलावेल तर येईन. न बोलावता येणार नाही, तिच्या घरात बिनडोक माणसाला काय काम.

बिनडोक हा शब्द मी वापरलेला नाही. डोकं लागत नाही असं म्हटलं होतं. दोन्हींत फरक आहे.

हे म्हणाले, बोलाव तिला. फोन कर. मी म्हटलं, फोनला पैसे पडतात. शिवाय फोनवर आवाज ऐकू जातो. पुढे मी सांगितलं की मी तिला बोलावणारच आहे, पण यंत्र चाललं की. करून दाखव म्हणाली ना? दाखवते. मग ये म्हणेन. त्याआधी एक अक्षर नाही.

सासूबाई आतून म्हणाल्या की तीन वर्षांनी मी असेन का नसेन, तेवढं त्या यंत्राला मोजता येतं का विचार.

तांदळात आज खडे फार होते. निवडलेले पुन्हा निवडावे लागले.

१४ तारीख.

सतरा नंबरची वाटी घेतली. चूक होती म्हणून नव्हे. पाहुणी म्हणून घेतलीय, थांबण्यापुरती. सोळात मोजणं, सतरात उपसणं.

बरोबर चाललं. एक नाव, एक आकडा. सासूबाईंचंही एकच भरलं. त्यांना ते पटलेलं नाही. आधीचं यंत्र खरं होतं म्हणाल्या.

माळ धुऊन पुसून डबीत ठेवून दिली. आता तिची गरज नाही. उद्यापासून सगळं यंत्रावर.

कार्डावर लिहून टाकलं: झालं. अजून पेटीत टाकलं नाही. दहा हजार भरू देत.

१५ तारीख, शुक्रवार. सकाळी.

दोनशे त्रेपन्न. दोनशे चौपन्न. दोनशे पंचावन्न, आठही दिवे पेटलेले, देव्हाऱ्यापुढे फार छान दिसत होतं. पुढचं नाव घेतलं, बटण दाबलं, आठही दिवे विझले.

शून्य.

पुस्तिका सांगते की एका वाटीत दोनशे पंचावन्नच्या वर मावत नाही. त्यात एक घातला की वाटी सांडत नाही, भरून वाहत नाही, सरळ रिकामी होते आणि कामाला लागते, जसं काही झालंच नाही. असली वाटी मी आयुष्यात पाहिली नाही. अर्धा तास घेतलेलं देवाचं नाव गिळलं आणि तोंड पुसून बसली.

मी बोलायला लागले, ते जरा मोठ्याने झालं असेल. सासूबाई म्हणाल्या, माळ संपली की तू डाव्या हाताचं एक बोट दुमडतेस आणि पुन्हा पहिल्या मण्यावर येतेस, तेव्हा कुठे ओरडतेस?

माळेची गोष्ट वेगळी आहे.

तीच तारीख. संध्याकाळी.

अठरा नंबरची वाटी घेतली. सोळा नंबरची रिकामी झाली की अठरात एक टाकायचा. ही कल्पना मला दुपारी आडवी झाले असताना सुचली. बोटांशी तिचा संबंध नाही.

अठरातला एक म्हणजे दोनशे छप्पन्न नावं. दिवे आठच, म्हणून दुसरं बटण दाबलं की अठरा नंबरचा आकडा दिसतो. दहा हजार म्हणजे अठरात एकोणचाळीस आणि सोळात सोळा. हा गुणाकार मी कागदाशिवाय केला. कन्येने केला असता का, मला शंका आहे.

तीन वाट्या गेल्या. यापुढे एकही नाही.

१७ तारीख, रविवार.

जोरात चाललंय. यांनी प्लगपाशी कागद चिकटवला: बंद करू नये. मी कारण विचारलं. हे म्हणाले, मोजणी होईपर्यंत राहू दे, नंतर सांगतो, आणि पाणी तापवायला गेले. दोन रात्री यंत्र चालू ठेवून निजले, म्हणजे आडवी झाले. देव्हाऱ्यापाशी विनाकारण जळणारं काही असलं की मला झोप येत नाही.

आज सकाळी हे म्हणाले, कार्ड तरी टाक, टपालाला दोन दिवस जातात. मी म्हटलं, अर्धवट कामाची बातमी मी देत नाही. ते म्हणाले, ती कामाची बातमी नाही मागत. मी दुसरं बटण दाबून आकडा बघितला.

२० तारीख.

अठरात सदतीस. म्हणजे साडेनऊ हजारांच्या घरात. उद्या सकाळी पुरं. उद्याच्या टपालात कार्ड.

कन्येची खोली झाडली. सहज. गादीला ऊन दाखवलं. ऊन फुकट आहे. तिची उशी बसलेली होती, कापूस पिंजून पुन्हा भरला. पाहुणे कोणीही येऊ शकतात.

विजेचं बिल आलं. मागच्या महिन्यापेक्षा वाढलंय. यांचं म्हणणं, एवढ्याशा चिपने बिल वाढत नाही, सासूबाईंच्या शेगडीने वाढलंय. सासूबाईंना काही म्हणायची सोय नाही.

झोपताना विचार केला. रात्रभर नाव कोण घेतंय? मोजायला काही नाही, तर वीज कशाला? वाटीत आकडा आहे तो आहे. ओट्यावर झाकून ठेवलेलं, दिवा मालवला म्हणून कुठे जातं? हे घोरत होते. कागद बाजूला केला आणि प्लग काढला. छान झोप लागली.

२१ तारीख, गुरुवार.

प्लग लावला. सगळे दिवे बंद. दुसरं बटण दाबलं. तिथेही काही नाही. पहिलं दाबलं. एक.

पुस्तिका. वाट्यांत असतं ते वीज आहे तोवरच. वीज गेली की गेलं. कोठीतलंही जातं. कायमचं राहील अशी एक जागा चिपमध्ये आहे, तिची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. शेवटची प्रकरणं मी कधीच वाचत नाही, त्यांत उगाच भर असते.

माळ डबीत. कागदावर आकडा नाही. साडेनऊ हजार म्हणजे नेमके किती, ते कोणालाच सांगता येणार नाही. यांनी चिकटवलेला कागद माझ्याच हाताने बाजूला केलेला होता, म्हणून त्याबद्दल कोणाला बोलता आलं नाही.

हे म्हणाले, देवाला आकडा माहीत असेल. मी म्हटलं, त्याला असेल, मला नाही. सासूबाई म्हणाल्या की सुबुद्धीसाठी एवढं नाव घेतलंस, ती कोणाला द्यायची ते देवाला नीट सांगितलं होतंस ना? नाहीतर याच घरात कोणाच्या तरी वाट्याला यायची.

मी चहा केला. कपबशी यांच्या हातात द्यायला गेले, तर सासूबाईंनी मध्येच माझ्या हातून घेतली. एक घोट घेऊन म्हणाल्या, पाणचट आहे. पण सगळा प्यायल्या.

नव्याने सुरुवात केली तर पाच दिवस. टपालाचे दोन धरले तर अठ्ठावीस होऊन जाते. बेरीज तीनदा केली. मला बेरीज येते.

२२ तारीख. दुपारी, टपाल निघण्याआधी.

हार वगैरे काही मानलेली नाही. मॅट्रिक झालेल्या बाईने दिवे लावले, थरथर थांबवली, एका वाटीतून दुसरीत हातचा नेला. राहिलं ते फक्त लक्षात ठेवणं. तेवढ्यासाठी कोणी मला काही ऐकवू नये.

कार्ड लिहिलेलं होतं, ते फेकून दुसरं आणणं मला पटलं नाही. आहे त्याच शब्दापुढे अक्षर बारीक करून लिहिलं. नक्कल इथे उतरून ठेवते, कारण पुढे कोणी म्हणायला नको की मी विनवलं.

चि. कन्येस आशीर्वाद.

झालं असं की तू पाठवलेली चिप सदोष निघाली. दिवसा चांगली चालते, रात्री सगळं विसरते. मोजणी, थांबणं, हातचा, हे सर्व मी स्वतः केलं आहे, वडिलांना विचार. त्यांनी काही मदत केलेली नाही. कायमचं राहील अशी जागा शेवटच्या प्रकरणात दिली आहे, पण ते नीट लिहिलेलं नाही, पानं वाचूनही उमगत नाही. तेव्हा माल ज्याने पाठवला त्याने येऊन पाहणं रीतीचं आहे. टपालाने परत पाठवायला चाळीस पडतात, ते मी देणार नाही. कामाला डोकं लागतं का याबद्दल माझं मत मी समोरासमोर सांगेन, कार्डावर जागा नाही. आजी रोज विचारते. तुझी उशी नव्याने भरली आहे, ती दुसऱ्या कामासाठी भरली होती असं समज. सत्तावीसला कुठल्या बसने येतेस ते उलट टपाली कळव.